खूण नसलेलं कापड

ज्यात एकही दोष नाही अशी वस्तू आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि पाहिली असलीच तर ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. काकांचा तो धंदाच होता. पानिपतच्या एका हातमागाच्या निर्यात कारखान्यात ते कापड तपासत. चादरी, पडदे, खेस, पायपुसणी, जे जे काही परदेशी जहाजात चढायचं ते आधी काकांच्या डोळ्यांखालून जायचं, आणि त्यातलं बरंचसं तिथंच अडायचं. मूळचे ते इचलकरंजीचे. माझी बायको सुमा तिथलीच. तेवढ्या धाग्यावर त्यांनी मला पहिल्याच भेटीत ‘जावईबापू’ करून टाकलं आणि जावयाला शोभेल असा चहा पाजत माझ्या शर्टाचं दुसरं बटण कसं चुकीच्या दोऱ्यानं लावलंय हे सांगितलं. शर्ट नवा होता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा दिल्लीत मुनिरक्यातली भाड्याची खोली सोडून गाझियाबादच्या बाजूला नव्यानं उगवलेल्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता. उगवलेल्या म्हणायचं कारण, काल जिथं ऊस होता तिथं आज सहा मजले उभे, आणि सहा मजल्यांवरच्या लोकांना उद्या काय होणार याची खात्री नाही. रोज एक नवी बँक, नवी मोटार, नवं शीतपेय दिल्लीत दाखल होत होतं. आमच्याकडे फक्त नळाला पाणी दाखल होत नव्हतं. अशा इमारतीत काकांसारखा माणूस राहायला येणं हा नशिबाचा भाग. ते आले त्या आठवड्यात जिन्याच्या कठड्याला, वाकड्या बसवलेल्या खिडकीला, लिफ्टच्या न लागणाऱ्या दाराला, जिकडे तिकडे लाल दोऱ्याचे बोटभर तुकडे लटकायला लागले.

कारखान्यातली ही रीत. कापडात कुठं गाठ दिसली, धागा तुटलेला सापडला की त्या जागेच्या समोर काठाला लाल दोरा बांधायचा. पुढचा माणूस दोरा बघून थांबतो आणि दोष दुरुस्त करतो. काकांनी ती रीत घरी आणली, घरातून जिन्यात आणि जिन्यातून सोसायटीभर. पाण्याचा पंप सारखा बंद पडायचा, म्हणून त्यांनी पंपाच्या चाकालाही एक दोरा बांधला. दुसऱ्या मजल्यावर पूर्वांचलातल्या एक अम्माजी राहत. त्यांनी तो पाहिला आणि कुणी तरी पाण्यासाठी नवस बोललंय असं समजून शेजारी आपलाही एक कलावा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधला. मंगळवारपर्यंत पंपाचं चाक दिसेनासं झालं. उदबत्ती आली, बुंदीचे लाडू आले, कुणी तरी शेंदूर लावून गेलं. काका अस्वस्थ झाले. अम्माजींना गाठून म्हणाले, “अम्माजी, ये मन्नत नहीं है, ये डिफेक्ट है।”

अम्माजींनी डोळे मिटून हात जोडले. “हाँ बेटा, सब उसी का दिया हुआ है।”

बिल्डरचा माणूस एरवी फिरकत नसे. पण आपल्या पंपाचं देऊळ होतंय हे कळल्यावर तो घाबरून आला आणि दोन दिवसांत नवा पंप बसला. पाणी आलं. अम्माजींनी खीर वाटली. काकांनी नियमाप्रमाणे, दुरुस्ती झाली म्हणून, आपला दोरा सोडवून घेतला, आणि अम्माजी त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

काकांचं दुसरं प्रेम म्हणजे एक इंग्रजी शब्द. साधा, रोजचा, भाजीवालाही वापरतो तो: चेक. दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात, फुटपाथवरच्या ढिगातून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलला होता. त्याचा पुठ्ठा गेलेला होता, पहिली काही पानंही नव्हती, त्यामुळे काकांच्या मते इंग्रजी भाषा अ नंतर बऱ्याच उशिरा सुरू होत असे. पण ‘च’च्या उच्चाराची पानं शाबूत होती, आणि तिथं त्यांना हा शब्द असा काही भेटला की हरवलेला चुलतभाऊच सापडावा. “जावईबापू, हा शब्द इंग्रजी नाहीच,” ते मला म्हणाले. “हा शाहा आहे. इराणचा बादशहा. बुद्धिबळात समोरच्याच्या बादशहावर चाल आली की इराणी माणूस ‘शाहा!’ म्हणून इशारा द्यायचा. ते अरबांनी उचललं, फ्रेंचांनी वाकडं केलं, इंग्रजांनी त्याचा चेक केला, आणि आपल्याकडे आणला. आणि इथं येऊन बघतो तर आपण कधीचे ‘शह’ म्हणतोय! म्हणजे शाहा सगळी दुनिया फिरून आपल्याच घरी पाहुणा म्हणून आला. कपडे बदलल्यामुळे आपण त्याला ओळखलं नाही.”

मग ते त्याची मुलंबाळं मोजायला लागत. बुद्धिबळाच्या पटासारखं कापड ते चौकड्यांचं चेक. जुन्या काळी इंग्लंडच्या राजाचे कारभारी अशाच चौकड्यांच्या कापडावर सोंगट्या मांडून वसुलीचा हिशेब करत, म्हणून तिथल्या खजिन्याच्या ‘एक्स्चेकर’ या नावातही हाच बसलाय. खोटेपणा अडवायला जी पावती ठेवत ती चेक, त्यावरून बँकेचा चेक. पाणी अडवलं की चेक डॅम. रस्ता अडवला की चेकनाका. “आधी बादशहाला धोका, मग अडवणं, मग सगळ्यात शेवटी तपासणं,” ते बोटं मुडपत सांगत. “अर्थ या क्रमानं आलेत. धोका पहिला, तपासणी शेवटी. म्हणजे माझी नोकरी शब्दकोशात सगळ्यात तळाला आहे.” हे ते इतक्या आनंदानं सांगत की तळाला असण्यातच मजा आहे असं वाटावं.

हे ज्ञान त्यांनी एकट्यानं भोगलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण ते सगळ्यांना वाटत फिरायचे. बँकेत चेक देताना खिडकीतल्या बाईला सांगायचे. नव्या हॉटेलात ‘चेक-इन’ची पाटी बघून दारवानाला थांबवून सांगायचे. एकदा आम्ही माझ्या जुन्या मोटारीतून दिल्लीला निघालो होतो. सीमेवर नाका. हवालदार म्हणाला, “गाड़ी चेक होगी।” काका हातातली पिशवी सांभाळत खाली उतरले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भाईसाहब, आपको पता है आप क्या बोल रहे हैं? चेक का मतलब है बादशाह!” हवालदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “बादशाह होंगे आप अपने घर के। डिग्गी खोलो।” मागच्या सीटवर काकू होत्या. त्या खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, “हो, घरचे आहेत ना.”

काकूंबद्दल आता सांगायला हवं. या हकिकतीत त्या फारशा बोलत नाहीत, पण हकिकत त्यांचीच आहे. त्या ठेंगण्या, गोऱ्या, सतत काही तरी हातात असलेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिल्लीच्या थंडीत दुपारी गच्चीवर उन्हाची तिरीप सरकेल तशी बायकांची चटई सरकायची, आणि त्या चटईवर पंजाबी, बंगाली, बिहारी सुयांच्या बरोबर काकूंच्या सुया चालायच्या. आमच्या मुलीचे पहिले तिन्ही स्वेटर काकूंनी विणले. तिन्ही घरी आले तेव्हा प्रत्येकाच्या कडेला लाल दोरा होता. एकदा बाहीचा टाका सुटलेला, एकदा गळा तिरका, एकदा काय होतं ते मला आजतागायत दिसलेलं नाही. काकू दोरा दिसला की एक अक्षर न बोलता तेवढा भाग उसवून पुन्हा विणायच्या. पोळ्यांच्या डब्याच्या कडीलाही मी दोरा पाहिलाय. तो पोळ्यांसाठी होता की डब्यासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांच्या घरातलं सगळं कापड कारखान्यातून आलेलं, म्हणजे काकांनीच नाकारलेलं. नाकारलेला माल नोकरांना स्वस्तात मिळे. पडद्यात एक धागा गायब, चादरीच्या नक्षीत अर्धं फूल कमी. नवीन शेजारीण आली की हमखास म्हणायची, “कितने सुंदर पर्दे हैं!” अशाच एकीला काकू हसून म्हणाल्या होत्या, “सब रिजेक्ट का माल है।” आणि मग सुमाकडे वळून मराठीत, “या घरात पास झालेली एकही वस्तू नाही गं. माझ्यासकट.” काका तिथंच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं. सुमा त्या दिवशी घरी आली ती रागातच. “एकदा, नुसतं एकदा ‘चांगलं झालंय’ म्हणायला काय होतं या माणसाला? बाई त्या एका शब्दासाठी म्हातारी झाली,” ती म्हणाली. मी काकांची बाजू घेऊन पाहिली आणि माझ्या भाजीत मीठ कमी पडलं.

काय होतं याचं उत्तर मला पुढे पानिपतला मिळालं. मला काही पडदे घ्यायचे होते म्हणून मी एकदा काकांबरोबर त्यांच्या कारखान्यात गेलो. पानिपत म्हटलं की आपल्या माणसाच्या छातीत काही तरी हलतं. इचलकरंजीचे नातेवाईक काकांना पत्रातून ‘तिकडे सगळं ठीक ना’ असं काळजीनं विचारत. काकांना मात्र पानिपत म्हटलं की चादरी आठवत. उत्तरेच्या उजेडाच्या मोठ्या खिडकीसमोर एक तिरकं मेज होतं, त्यावरून कापड हळूहळू ओढलं जात होतं आणि काका उभे होते. घरातला बडबड्या माणूस तो नव्हेच. मान स्थिर, ओठ मिटलेले, डोळे तेवढे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाऊन येत होते. मध्येच हात वर व्हायचा, कापड थांबायचं, काठाला दोरा बांधला जायचा. एक अख्खं ठाण मात्र एकाही दोऱ्याशिवाय निघून गेलं. इतकं सुंदर कापड मी क्वचित पाहिलं असेल. मी विचारलं, “काका, या चांगल्या कापडावर कसली खूण करता?”

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “चांगल्या कापडाला खूण कशाला? त्याला हातच लावायचा नाही. खूण नाही, हीच त्याची खूण.”

“पण विणणाऱ्याला कसं कळणार?”

“दोरा नाही ना? मग कळतंच की,” ते म्हणाले, आणि पुढचं ठाण ओढायला सांगितलं. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हा माणूस घरीही हेच करत होता. जे जे त्याला आवडलं, त्याला त्यानं हात लावला नव्हता. आणि बिचाऱ्या काकूंना कारखान्याची ही रीत कुणी सांगितलेलीच नव्हती.

रविवारी आम्ही बुद्धिबळ खेळायचो. पट नव्हता. पानिपतचा एक जाड खेस, म्हणजे अंथरायची-पांघरायची सुती चादर होती, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, एका बाजूला निळं ते दुसऱ्या बाजूला पांढरं. अर्थात काकांनीच नाकारलेला. त्याचा लाल दोरा अजून काठाला होता. तो जमिनीवर अंथरून, मधली आठ बाय आठ घरं धरून आम्ही बसायचो. काका ‘शह’ असं कधी ओरडत नसत. हळूच म्हणत, “जावईबापू, बादशहांना जरा तसदी.” मी बहुतेक हरायचो. म्हणून मी जिंकायला लागलो तेव्हा मला आधी अभिमान वाटला. कोपऱ्यातला माझा हत्ती सरळ येऊन त्यांचा वजीर खाऊन जायचा आणि ते चकित होऊन म्हणायचे, “हा कुठून आला?” तो तिथंच असायचा. पहिल्यापासून. मग ते चहा बशीच्या बाहेर ओतायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा धडकायला लागला. काकूंनी डोळे दाखवून यायचा धोशा लावला. काका म्हणत, “माझे डोळे? अगं, डोळे दाखवायला असतात की बघायला?” आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसत. काकू हसत नसत.

एके दिवशी कारखान्यातला माल परदेशातून परत आला. काकांनी पास केलेला. दोन्ही काठांच्या बाजूनं धागे तुटत गेलेले होते, अगदी लांबपर्यंत. मालक भला पंजाबी माणूस होता. तो एवढंच म्हणाला, “कोई बात नहीं, पंडितजी, होता है।” काकांनी तो माल पुन्हा मेजावर लावायला सांगितला. या खेपेला त्यांनी अख्खी मान फिरवून काठ पाहिले, आणि स्वतः पास केलेल्या मालाला स्वतःच्या हातानं दोरे बांधत गेले. काम पुरं केलं, हात धुतले आणि मिळेल त्या बसनं घरी आले. घरी येऊन काकूंना म्हणाले, “चल, डोळे दाखवून येऊ.”

दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात मी त्यांच्याबरोबर होतो. काचबिंदू. हा चोर कडेनं येतो, म्हणे. आधी बाजूची नजर खातो, मग आत सरकतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. डॉक्टरीणबाई समजुतीनं बोलत होत्या. काकूंनी विचारलं, “दो साल पहले आते तो?” बाईंनी थेंबांची बाटली पुढे केली. बाहेर आल्यावर काका बाकावर बसले. मग ओळखीच्या सुरात म्हणाले, “जावईबापू, क्रम आठवतो ना? धोका पहिला, तपासणी शेवटी. शब्दकोशात लिहिलं होतं हो. मी लोकांना सांगत फिरलो.” काकूंनी त्यांचा हात धरला आणि आम्ही फाटकाकडे चालू लागलो. घरी आल्यावर जिन्यात त्यांना हात धरून नेलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग सगळं हळूहळू मिटत गेलं. नोकरी सुटली. शब्दकोश फडताळात गेला. लाल दोऱ्याचं रीळ खिडकीत पडून राहिलं, उन्हानं एका बाजूनं फिकं झालं. जिन्यातले जुने दोरे कुजून गळून गेले आणि नवे कुणी बांधले नाहीत. सोसायटीतल्या लोकांना, खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अम्माजी एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, “लिफ्ट फिर खराब है। अपने चाचाजी से कहो, एक धागा बाँध दें।” मी वर जाऊन हे सांगितलं. काका पूर्वी असते तर तासभर बोलले असते. ते फक्त “हं” म्हणाले. या ‘हं’ची मला भीती वाटायला लागली. एखादा माणूस डोळ्यांनीच जगलेला असतो. डोळे गेल्यावर त्याच्याकडे काय उरतं, हे मला दिसत नव्हतं.

ते काकूंना दिसलं. महिनाभरानं त्यांनी मला रविवारी बोलावलं. खेस अंथरलेला होता, सोंगट्या मांडायच्या होत्या. काका भिंतीला टेकून बसले होते. “मला कुठं दिसतंय आता,” ते पुटपुटले. काकूंनी त्यांचा हात घेऊन खेसावर ठेवला. प्रत्येक चौकडीच्या कडेनं त्यांनी जाड सुताचे टाके घातले होते, उभे आणि आडवे. बोटांना घरं लागत होती. काकांची बोटं टाक्यांवरून सरकत गेली, पुढे, मागे, तिरकी. मेजासमोर त्यांचा चेहरा जसा स्थिर व्हायचा तसा झाला. ते एका कडेनं मोजायला लागले, आठावर पोचले, आणि बोट पुढे गेलं. आणखी एक रांग होती. एका बाजूनं घरं नऊ झाली होती.

मीही ते तेव्हाच पाहिलं. काकू पदराशी चाळा करत उभ्या होत्या. काकांचं बोट नवव्या रांगेवर जरासं थांबलं, मग मुकाट्यानं मागे आलं. त्यांनी आठव्या घरात हत्ती ठेवला. “काळ्या सोंगट्यांच्या गळ्यात दोरा बांध,” ते काकूंना म्हणाले, “म्हणजे मला ओळखता येतील. तशीही जावईबापूंच्या बाजूला दोषांची कमी नाही.” काकू आत जाऊन रीळ घेऊन आल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात आम्ही तिघं हसलो. बोटांना अजून सवय नाही म्हणून काकांचं मोजणं चुकलं असेल, असं मी धरून चाललो. नवव्या रांगेत आम्ही मारलेली प्यादी ठेवायचो. सोयीची जागा होती. काकांचा खेळ परत आला, बडबड परत आली, बादशहाची तसदीही परत आली.

त्यानंतर तीन हिवाळे गेले असतील. मग एका जानेवारीत, धुक्यात सूर्यच दिसत नव्हता अशा आठवड्यात, काकूंना छातीत कफ झाला आणि चारच दिवसांत त्या गेल्या. इतक्या गुपचूप गेल्या की वाईट वाटायलाही आम्हाला वेळ लागला. आणि वाटायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. इचलकरंजीहून भाचे आले, तेराव्यापर्यंत राहिले, चला आमच्याकडे म्हणाले. काका नाही म्हणाले.

भाचे गेल्यावर आम्ही दोघं वर गेलो. काकांनी स्वतःच खेस काढून अंथरला होता, पण सोंगट्या डब्यातच होत्या. सुमाला काही तरी करायचं होतं. अशा वेळी बायकांना हाताला काम लागतं. ती खेसाशी बसली आणि म्हणाली, “काका, ही एक रांग जास्तीची झालीय. मी उसवून देऊ का?”

काकांचा तळहात चटकन नवव्या रांगेवर पडला. “हात लावू नकोस,” ते म्हणाले. मग मऊ आवाजात, “मला ठाऊक आहे गं. पहिल्या दिवसापासून. नऊ आहेत.”

“मग बोलला नाहीत?”

“दोरा नाही बांधला मी.” ते टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. “एवढं सगळं... एकेक घर तिनं... याला कसला दोरा बांधायचा? पास केलं मी. पण सांगितलं नाही. मला वाटायचं, दोरा नाही म्हणजे कळतं. सगळा जन्म तेच वाटत आलं मला. तिला कुठं ठाऊक असणार की मला नऊ लागली होती! तिला वाटलं असेल, आंधळ्याला कळलंच नाही.” आणि काका रडायला लागले. ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना.

सुमा त्यांच्या जवळ सरकली. “काकूंना ठाऊक होतं,” ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. मलाही हे नवीन होतं.

“खेस शिवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, नऊ झालीत. मला गच्चीवर म्हणाल्या, उसवायला घेतलं होतं गं, पण म्हटलं राहू दे. आयुष्यभर हे मला तपासत आले, एकदा मी यांना तपासते. रोज झाडताना त्या खेसाचा काठ चाचपून बघायच्या, नवा दोरा लागलाय का. आठवडाभर बघितलं. मग एके दुपारी गच्चीवर आल्या, विणकाम पिशवीतून काढलंसुद्धा नाही. नुसत्या उन्हात बसून राहिल्या आणि म्हणाल्या, सुमा, माणूस पास झाला गं.”

काकांनी डोळे पुसले आणि आपल्या जुन्या, बारीक आवाजात विचारलं, “नीट आठवून सांग. हेच शब्द होते?”

“हेच.”

“पास म्हणाली?”

“पास म्हणाल्या.”

“मग मला का नाही सांगितलं तिनं?”

सुमा हसली आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. “तुमच्याच घरात राहिल्या ना त्या, काका.”

खाली कुणी तरी लिफ्टचं दार आपटत होतं. काकांनी डबा चाचपून जवळ ओढला, गळ्यात दोरे असलेल्या सोंगट्या माझ्याकडे सरकवल्या आणि आपली बाजू मांडायला घेतली. पहिला डाव मी हरलो. त्यांनी माझं पहिलं प्यादं मारलं तेव्हा सवयीनं मी ते उचलून नवव्या रांगेत ठेवायला गेलो. त्यांनी माझा हात धरला आणि प्यादं खाली जमिनीवर ठेवायला लावलं. पुढे काका गेले तोपर्यंत आम्ही त्या खेसावर खेळत होतो, आणि ती रांग मोकळी असायची.